फाईल नंबर चारशे सतरा

पाहणीवाली : ...आणि आता ही चारशे सतरा नंबरची. मॅडम, एवढी एक मला समजावून सांगा, म्हणजे माझी पाहणी संपली.

बाई : त्यात काय समजावायचंय? पेन्शनर आहे, जिवंत आहे, महिन्याच्या महिन्याला पेन्शन जाते. झालं.

पाहणीवाली : बाकीचे वर्षातून एकदा येतात. हयातीचा दाखला देतात, सही करतात, जातात. हे गृहस्थ मागच्या वर्षी एकोणीस वेळा आलेत.

बाई : अठरा.

पाहणीवाली : वहीत एकोणीस आहेत.

बाई : एकदा नुसती छत्री विसरली होती, ती न्यायला आले होते. ती कुणी शहाण्यानं भेट म्हणून लिहिली असेल, तर माझा इलाज नाही.

पाहणीवाली : तुम्हीच लिहिलीय. अक्षर तुमचं आहे.

बाई : असेल. अकरा वर्षं या खिडकीवर बसल्यावर माणूस काहीही लिहितं.

पाहणीवाली : बरं. आता हे बघा. मार्चमध्ये तुम्ही त्यांचा अर्ज परत केलात. शेरा आहे : ‘शाई काळी.’ एप्रिलमध्ये पुन्हा परत. शेरा : ‘शाई निळी.’ मधे नियम बदलला होता का?

बाई : अगं, सरकारी नियम. कधी काय बदलेल, ब्रह्मदेवालाही कळत नाही.

पाहणीवाली : आणि जुलैमध्ये, ‘सही नेहमीपेक्षा उतरती.’

बाई : उतरती होतीच. ताप होता त्यांना. तापात उठून आले होते.

पाहणीवाली : मग अर्ज ठेवून घ्यायचा ना! आजारी माणसाला परत कशाला बोलवायचं?

बाई : ... बरे झाले का ते कळायला नको?

पाहणीवाली : मॅडम, मी इथे खर्च मोजायला आलेय. एका पेन्शनरमागे खिडकीचा किती वेळ जातो, कागद किती, माणसं किती. सोमवारी पेन्शनचं सगळं काम खासगी कंपनीकडे जातंय, त्याआधी अहवाल द्यायचाय. आणि तुमच्या अख्ख्या कार्यालयात ही सगळ्यात महाग फाईल आहे.

बाई : महाग! दोन पुठ्ठे आणि एक नाडी!

पाहणीवाली : वर्षाला नऊ तास जातात हिच्यावर. बाकीच्यांवर अकरा मिनिटं.

बाई : नऊच?

पाहणीवाली : नऊ म्हणजे थोडे झाले?

बाई : नाही, मला वाटलं जास्त असतील. म्हणजे अकरा वर्षांचे मिळून...

पाहणीवाली : नव्व्याण्णव. चार दिवस म्हणा ना.

बाई : चार दिवस.

पाहणीवाली : काय झालं?

बाई : काही नाही. तू ते पाणी पी, कधीचं ओतून ठेवलंय. भाचीच्या वयाची आहेस माझ्या, म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस. आणि एक सांग. आमचा खर्च मोजलास, कंपनीचा मोजलास का?

पाहणीवाली : मोजलाय. तो दुसऱ्या भागात आहे.

बाई : तो दुसरा भाग वाचतं का कुणी?

पाहणीवाली : ... खरं सांगू? पानं चिकटलेलीच राहतात.

बाई : तरीही सांग. शेवटचा दिवस आहे माझा, जाताना मनाची रुखरुख तरी जाऊ दे. आमचा किती?

पाहणीवाली : शंभर रुपयांत पाऊण रुपया. चार माणसं, आठ कपाटं, गळकं छत, सगळं धरून.

बाई : आणि त्यांचा?

पाहणीवाली : शंभरातले दोन. त्यात जाहिरात आली, एजंटांची दलाली आली, काचेची इमारत, पुंजी कुठे गुंतवायची ते ठरवणाऱ्यांचे पगार. आणि ते दोन एकदाच नाहीत, दर वर्षी, साठलेल्या सगळ्या रकमेवर. पस्तीस-चाळीस वर्षं कापत गेले की माणसाच्या पुंजीचा तिसरा हिस्सा त्यातच जातो.

बाई : तिसरा हिस्सा! आणि बंद कुणाला करताय? आम्हाला!

पाहणीवाली : तुमचाही कारभार काही धुतल्या तांदळासारखा नव्हता हं, मॅडम. एकच नोंद पाच वह्यांत करता तुम्ही.

बाई : सहा. एक वही कुठे आहे तेच आता कुणाला माहीत नाही. पण करतो अजून.

पाहणीवाली : बघा! पण खरं कारण तेही नाही. तुमचा खर्च दिसतो. दर वर्षी कागदावर ओळ येते : खिडकी, पगार, भाडं. कुणीतरी बोट ठेवतं, म्हणतं, एवढा? कंपनीचा खर्च आतल्या आतच वजा होतो. कुणाच्याही खिशातून जाताना दिसत नाही.

बाई : म्हणजे झाकली मूठ.

पाहणीवाली : तसंच काहीसं. बरं, या फाईलचं काय लिहू?

बाई : नको लिहूस.

पाहणीवाली : नाव नाही घालणार. नुसता नंबर.

बाई : नंबरही नको. असं कर, चूक माझी म्हणून लिही. ‘खिडकी तीनवरची कर्मचारी विसराळू आणि कटकटी.’ मला आता कोण काय करणार आहे? उद्यापासून मीही पेन्शनरच.

पाहणीवाली : मॅडम, ते बाकावर बसलेले... राखाडी कोट, मांडीवर पाकीट. अर्ध्या तासात तीनदा त्यांचा नंबर आला, तीनदा त्यांनी दुसऱ्याला पुढे सोडलं. ‘तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही.’ तेच का चारशे सतरा?

बाई : तिकडे बघू नकोस गं अशी टक लावून!

पाहणीवाली : पाण्याचे मीटर वाचायचे ना ते? फाईलमध्ये आहे.

बाई : हो. मीटरवाले. ते काम कंत्राटावर गेलं, पन्नाशीतच घरी बसवलं त्यांना. त्यांची आधीच्या वर्षांची पेन्शन आमच्याकडून, आणि शेवटच्या आठ वर्षांची कंपनीकडून. दोन्ही घरचा पाहुणा.

पाहणीवाली : मी आतल्या खोलीतली कपाटं मोजून येते.

बाई : सकाळी मोजलीस ना?

पाहणीवाली : आठ होती. पुन्हा मोजते. वेळ लागेल मला.

मीटरवाले : येऊ का?

बाई : या, मीटरवाले. आज तुमच्यापुढे सोडायलाही कुणी उरलं नाही वाटतं.

मीटरवाले : एक आजोबा होते. पण त्यांना शेजारच्या खिडकीवर जायचं होतं.

बाई : चष्मा?

मीटरवाले : ... घरी राहिला.

बाई : दर वेळी राहतो. त्या चष्म्याला घर फार आवडतं. आणा ते पाकीट, कंपनीचंच ना? वाचून दाखवते.

मीटरवाले : तेच. कागद बघा कसला गुळगुळीत. यावर शाई टिकत नाही.

बाई : ‘सन्माननीय सदस्य, आपल्या सोनेरी उद्यासाठी आम्ही सदैव जागे आहोत.’

मीटरवाले : झोपले असते तर बरं झालं असतं. कापलं किती?

बाई : थांबा. सोनेरी उद्या, आनंदी कुटुंब, फोटोत एक म्हातारा सायकलवर... हं, हे पाठीमागे, मुंगीएवढ्या अक्षरात. मागच्या वर्षीपेक्षा जास्तच.

मीटरवाले : बाई, एक सांगू? मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, नळ गळत असला, तर ते पाणी कुणाच्याच बिलात येत नाही. मीटरच्या पलीकडे एक थेंब गळला, तर घरमालक आकाशपाताळ एक करतो. ही कंपनी अलीकडे गळते.

बाई : हे त्या मुलीला सांगायला हवं. तिला दुसऱ्या भागात घालता येईल.

मीटरवाले : फोनही करून बघितला काल त्यांना. मशीन बोलतं. ‘आपण हयात असाल तर एक दाबा.’

बाई : आणि नसाल तर?

मीटरवाले : दोन दाबा.

बाई : काहीतरीच!

मीटरवाले : देवाशप्पथ. मी एक दाबला. मग म्हणालं, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग वीस मिनिटं पेटी वाजली. माणूस काही आलं नाही. हयात असून उपयोग काय, असं वाटलं.

बाई : असं बोलू नये.

मीटरवाले : इथे आलं की निदान तुम्ही मान वर करून बघता.

बाई : नियमच आहे तो. चेहरा पाहून खात्री करावी.

मीटरवाले : हो. नियम.

बाई : बरं, पत्र झालं. आणि हे दुसरं काय? अर्ज? हयातीचा तर झालाय तुमचा.

मीटरवाले : पत्ता बदलायचा.

बाई : कुणाचा?

मीटरवाले : माझा. मुलगी बोलावतेय कधीची. तिकडे त्यांची नवी जागा झालीय, खोली रिकामी आहे. म्हणते, बाबा, एकटे राहून तिथे करता काय? यंदा मला उत्तर सुचलं नाही.

बाई : आधी सुचायचं?

मीटरवाले : आधी म्हणायचो, पेन्शनचं काम असतं गं. दर महिन्याला काहीतरी निघतं. इथेच राहायला लागतं.

बाई : आणि तिला पटायचं?

मीटरवाले : म्हणायची, कसलं भिकार ऑफिस आहे! मी म्हणायचो, हो ना, फारच. आता सोमवारपासून ते ऑफिसच नाही. कंपनीला कुठूनही फोन करता येतो. एक दाबायचं.

बाई : द्या तो अर्ज. बघते.

(बाई अर्ज वाचतात, उलटा करतात, पुन्हा सुलटा करतात, खिडकीच्या उजेडात धरतात. बराच वेळ जातो.)

मीटरवाले : काही राहिलंय का?

बाई : सही आहे. दोन्हीकडे. तारीख आहे. फोटो चिकटवलाय, तोही सरळ. शाई...

मीटरवाले : शाई काळी. नियमात काळीच आहे, मी विचारून घेतलं.

बाई : कुणाला विचारलंत?

मीटरवाले : दारातल्या पाटीवर आहे. अकरा वर्षं आहे.

बाई : सातवा रकाना कधीच भरत नव्हतात तुम्ही.

मीटरवाले : आज भरला.

बाई : हो. दिसतंय. अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीच चुकलं नाही तुमचं.

मीटरवाले : काल रात्रभर बसून लिहिला. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, बाईंना त्रास नको.

बाई : त्रास! ... मीटरवाले, तुम्हाला माझा कंटाळा आला का हो?

मीटरवाले : मला? तुमचा?

बाई : नाही, असा बिनचूक अर्ज माणूस कधी देतं? सुटायचं असेल तेव्हाच.

मीटरवाले : सुटायचं म्हणून नाही लिहिला. बाई, तीस वर्षं मी घरोघर हिंडलो. हजारो घरं. लोकांना वाटतं, याला सगळ्यांच्या घरातलं माहीत असेल. पण मीटर जिन्याखाली असतो. दार वाजवायचं, ओरडायचं, ‘मीटर!’ वरून कुणीतरी म्हणायचं, ‘बघा हो, खालीच आहे.’ वाकायचं, आकडा लिहायचा, पुढचं दार. वर या असं तीस वर्षांत कुणी म्हटलं नाही. त्यांचंही बरोबर आहे, कामच खाली होतं. सवयच लागली मग, बोलावल्याशिवाय पायरी चढायची नाही.

बाई : मग?

मीटरवाले : मग काय. इथे खिडकी होती. खिडकीपर्यंत यायला कारण पुरतं. आता कारण संपलं. तेवढंच.

बाई : घरी काय सांगायचात? एवढ्या वेळा कुठे जाता म्हणून कुणी विचारत नव्हतं?

मीटरवाले : विचारायला कोण आहे? बायको गेली त्यालाच बारा वर्षं झाली. कुलूप लावायचं, कुलूप काढायचं. तुमच्याकडे?

बाई : वडील होते तोवर ते विचारायचे. त्यांचीही पेन्शन इथेच होती. दोन नंबरच्या खिडकीवर. मी घरी उशिरा गेले की म्हणायचे, आज कोणाचा अर्ज चुकला? मी म्हणायचे, आहेत एक. ते गेल्यावर हे कुणी विचारत नाही. भाजी करते, तीही एकटीपुरती. मूठभर केली तरी उरते.

मीटरवाले : मला माहीत नव्हतं. वडिलांचं.

बाई : कसं असणार? ती मुलगी सकाळपासून हिशोब करतेय आमचा. तुमच्या फाईलवर वर्षाला नऊ तास जातात म्हणे. अकरा वर्षांचे मिळून फक्त चार दिवस. मी इकडे समजत होते...

मीटरवाले : काय?

बाई : की ओळख जुनी आहे.

मीटरवाले : चारच दिवस?

बाई : चार दिवस आणि तीन तास. तीन तास कशात गेले कोण जाणे. शाईत गेले असतील.

मीटरवाले : बाई, ती निळ्या शाईची गोष्ट...

बाई : काय त्याचं?

मीटरवाले : मी जाणूनबुजून निळी वापरली होती. काळी परत आली म्हणून नाही. निळीही परत येईल असं वाटलं, म्हणून.

बाई : आणि मी ती काळीही घ्यायला हवी होती. पाटी मीच रंगवून घेतलीय.

मीटरवाले : ... म्हणजे आपण दोघांनी मिळून सरकारला लुबाडलं.

बाई : हसू नका मोठ्यानं, ती मुलगी आत आहे. थांबा, जाऊ नका. माझंही एक काम आहे तुमच्याकडे.

मीटरवाले : माझ्याकडे?

बाई : हा माझा अर्ज. मीही आता पेन्शनर, आणि मला कंपनीच्याच गळ्यात बांधलंय. त्यांना ओळख देणारा लागतो. बहीण चालत नाही, भाचरं चालत नाहीत. ‘नात्यातली नसलेली, किमान दहा वर्षं ओळखणारी व्यक्ती.’ तीन आठवडे हा पर्समध्ये घेऊन फिरतेय. शेजारचे परवा राहायला आलेत. इथले सगळे बदलीवर आले, बदलीवर गेले. दहा वर्षं मला कोण बघतंय, असं मोजायला बसले, तर...

मीटरवाले : तर?

बाई : तर दुसरं बोट उघडलंच नाही. एकच नाव निघालं.

मीटरवाले : काय लिहायचं असतं त्यात?

बाई : पुढे वाचते. ‘ओळख देणाऱ्या व्यक्तीने दर वर्षी धारकाच्या राहत्या पत्त्यावर स्वतः जाऊन, धारक हयात असल्याची खात्री करावी.’

मीटरवाले : स्वतः जाऊन?

बाई : स्वतः. कंपनीला हे फुकट पडतं ना, म्हणून. माणूस ठेवायला नको. खर्चात बचत.

मीटरवाले : पहिल्यांदाच काहीतरी बरं सुचलं त्यांना. वर्षातून एकदाच का पण?

बाई : अर्ज बरोबर असेल तर एकदाच.

मीटरवाले : आणि चुकला तर?

बाई : तुमच्यासारख्याच्या हातून चुकायचाच.

मीटरवाले : बाई, पण मुलीकडून इथे यायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास.

बाई : हो. ते माझ्या लक्षात आहे. म्हणूनच मघापासून हा काढू की नको असं चाललं होतं. तुमचा अर्ज मी घेते, शिक्का मारते. मुलगी आहे, खोली आहे, कुणीतरी विचारणारं आहे. हे सोडून देऊ नका असंच म्हणेन मी. माझ्यासाठी सापडेल कुणीतरी. नाहीतर दोन दाबेन.

मीटरवाले : नका मारू.

बाई : काय?

मीटरवाले : शिक्का. एवढ्यात नका मारू. माझ्या अर्जात एक चूक आहे.

बाई : नाही. मी तीनदा पाहिला. मला हवी होती, तरी सापडली नाही.

मीटरवाले : मला नीट विचार करून सांगायला लागेल कुठे आहे ते. मुलीशीही बोलायचंय. सोमवारी येऊन सांगतो.

बाई : सोमवारी ही खिडकी नसेल हो.

मीटरवाले : मग... कुठे येऊ?

बाई : त्या माझ्या अर्जावर आहे. तिसऱ्या रकान्यात. द्या इकडे, वाचून दाखवते. चष्मा नाही ना तुमच्याकडे.

मीटरवाले : आहे.

बाई : कुठे?

मीटरवाले : खिशात. आतल्या.

बाई : आजच?

मीटरवाले : अकरा वर्षं. थांबा, पुसतो जरा... हं. बाजारामागची गल्ली. जुना छापखाना. त्याच्या वरती तुम्ही?

बाई : दुसरा मजला. लाकडी जिना आहे, कठड्याला धरून या. चौथी पायरी हलते.

मीटरवाले : सगळं शहर पायाखाली घातलं मी. तीस वर्षांत हीच एक गल्ली माझ्या वाट्याला आली नाही.

बाई : मला माहीत आहे. आमच्याकडे दुसराच कुणीतरी यायचा, जाडसा. खालूनच ओरडायचा.

मीटरवाले : मग मीही सोमवारी खालूनच हाक मारतो.

बाई : मारा. मीटर खालीच आहे. पण तुम्ही वर या.